जादा वजनाचा दंड, कापलेला पगार आणि काट्याची पावती

मालवाहतुकीच्या एका कंपनीत मी दहाचाकी ट्रकवर चालक म्हणून काम करत होतो. महिना १८,००० रुपये पगार आणि त्याशिवाय खेपेचा भत्ता, असे माझे वेतन ठरलेले होते. २०२२ मध्ये त्या ट्रकवर जादा वजनाचा दंड झाला, तो दंड माझ्या पगारातून हप्त्याने कापला गेला, आणि पुढे मी पुन्हा तशीच भरलेली गाडी बाहेर काढायला नकार दिला तेव्हा माझे काम गेले. कापलेली रक्कम परत मिळवण्यासाठी आणि कामावरून काढल्याबद्दल दाद मागण्यासाठी मी जी प्रक्रिया पार पाडली ती येथे क्रमाने लिहीत आहे, कारण या व्यवसायातील अनेक चालक असा दंड आपलाच समजून मुकाट्याने भरतात.

आधी वजनाचा हिशेब सांगतो. माझ्या गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, भरलेल्या गाडीचे कमाल वजन २८ टन आणि रिकाम्या गाडीचे वजन १० टन लिहिलेले होते, म्हणजे पासिंगप्रमाणे माल बसायचा १८ टन. धान्याचे पोते ५० किलोचे धरले तर ही ३६० पोती झाली. त्या खेपेला गोदामात ४८० पोती भरली गेली. बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या कागदावर, ३६० पोत्यांचीच नोंद होती आणि उरलेल्या १२० पोत्यांसाठी व्यापाऱ्याच्या माणसाने हाताने लिहिलेली एक चिठ्ठी दिली. काटा करून निघू द्या, असे मी सांगितले तेव्हा गोदामाचा काटा बंद असल्याचे उत्तर मिळाले, आणि शेठनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, फोनवर गाडी लगेच काढायला सांगितली.

रस्त्यात परिवहन विभागाच्या वायुवेग पथकाने गाडी थांबवली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११४ नुसार अधिकारी चालकाला गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगू शकतो; मात्र तो काटा पुढच्या मार्गावर १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असावा लागतो. काट्यावर गाडी ३४ टन भरली. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा आहे, म्हणून सहा टनांचे १२,००० धरून माझ्या नावावर ३२,००० रुपयांची पावती झाली. वजन करून घ्यायलाच नकार दिला असता तर ४०,००० रुपये दंडाची तरतूद आहे, तेव्हा काटा चुकवून पळण्याचा सल्ला जे देतात त्यांच्याकडे कोणीही लक्ष देऊ नये.

दंड भरला म्हणजे गाडी पुढे नेता येते, असा समज या व्यवसायात अजून पक्का आहे. पैसे घेऊन जादा वजनाला मोकळीक देण्याची पद्धत पूर्वी काही राज्यांत खरोखरच होती, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती बेकायदेशीर ठरवली, आणि आता कायद्यातच लिहिले आहे की जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येणार नाही आणि उतरवण्याचा खर्चही द्यावा लागेल. हा माल उतरवायचा तो चालकाच्या जोखमीवर. १२० पोती उतरवायला हमाल मिळवणे, दुसरी गाडी येईपर्यंत ती पोती ताडपत्रीखाली सांभाळणे, आणि एखादे पोते फुटले किंवा कमी भरले तर त्याचा जाब देणे, हे सारे माझ्याकडे आले. ज्याने १२० पोती जास्त भरली तो व्यापारी या सगळ्यात कुठेच नव्हता.

दंडाचे पैसे शेठनी भरले. पुढच्या महिन्याच्या हिशेबात माझ्या पगारातून ४,००० रुपये कमी आले. विचारले तेव्हा मॅनेजर म्हणाले, "चलान तुझ्या नावावर आहे, गाडी तू चालवत होतास, शेठनी फक्त उसने भरले." एवढ्यावर ते थांबले नाहीत, कापलेली रक्कम कच्च्या हिशेबवहीत "उचल" म्हणून लिहिली गेली, जणू काही मीच ती अंगावर घेतली होती. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला.

याच सुमारास परवाना अधिकाऱ्याची कारणे दाखवा नोटीस आली. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम २१ मध्ये मालवाहू गाडीत जादा माल नेणे हे परवाना निलंबनाचे एक कारण आहे, आणि रस्ता सुरक्षेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०१५ मध्ये राज्यांना दिलेल्या निर्देशांत अशा वेळी परवाना किमान तीन महिने निलंबित करण्यास सांगितले आहे. मी लेखी खुलासा दिला, त्याला बिल्टी आणि चिठ्ठी जोडली, सुनावणीला हजर राहिलो. तरीही तीन महिन्यांचे निलंबन झाले. मालकाच्या खिशातून पैसा जातो, पण चालकाच्या हातातून त्याचे कामच काढून घेतले जाते, हा फरक मला त्या दिवसापर्यंत एवढ्या स्पष्टपणे कोणी सांगितला नव्हता.

निलंबनाच्या काळात मला यार्डात माल भरून घेण्याच्या कामावर बसवले. पगार चालू राहिला, भत्ता बंद झाला, आणि ४,००० रुपयांची कपात तशीच होत राहिली. मात्र या तीन महिन्यांत जादा वजनाचा व्यवहार कसा चालतो ते मला जवळून पाहता आले. भाडे टनामागे ठरते. चालकाचा पगार, गाडीचा हप्ता, विमा यांत वजनाने काहीच फरक पडत नाही; डिझेल थोडे जास्त लागते. त्यामुळे पासिंगच्या वरच्या प्रत्येक टनाचे भाडे जवळजवळ सगळेच नफ्यात जाते. व्यापाऱ्याला दोन गाड्यांचा माल दीड गाडीच्या भाड्यात न्यायचा असतो, आणि एखाद्या मालकाने नाही म्हटले तर शेजारचा मालक तीच भरणी घ्यायला तयार असतो. एकदोन गाड्यांच्या छोट्या मालकाची यात खरोखर कोंडी होते, आणि त्याला एकट्याला दोष देऊन काही सुटणार नाही, असे माझे मत आहे. २००७ चा रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा आरसीवरील वजनापेक्षा जास्त माल न भरण्याची जबाबदारी वाहतूकदारावरही टाकतो. मोटार वाहन अधिनियमाची भाषाही गाडी चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा अशा सर्वांना लागू होईल अशी आहे. प्रत्यक्षात पथकासमोर उभा असतो तो चालक, म्हणून कागद त्याच्या नावावर तयार होतो.

जादा वजनाने नेमके काय बिघडते, याविषयी यार्डात बोलताना अनेकदा "गाडी ओढते ना, मग झाले" असे ऐकायला मिळे. इंजिन ओढते हे खरे आहे. प्रश्न थांबवण्याचा आहे. त्याच वेगात २८ टनांऐवजी ३४ टन असतील तर ब्रेकला आधीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त वाढीव ऊर्जा शोषून घ्यावी लागते, आणि लांब घाट उतरताना ती सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये आणि लायनरमध्ये, म्हणजे ड्रमवर घासणाऱ्या पट्टीत, साठत जाते. लायनर एका मर्यादेपलीकडे तापले की पायाखालचा ब्रेक असूनही पकड सुटते. टायरचेही तसेच आहे: जादा भाराखाली त्याची बाजू अधिक दबते, प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, तापते आणि शेवटी फुटते. रस्त्याचे नुकसान तर वजनाच्या प्रमाणात वाढतच नाही, त्याहून फार वेगाने वाढते. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ताचाचणीतून निघालेला ढोबळ नियम असा आहे की, नुकसान धुऱ्यावरील, म्हणजे ॲक्सलवरील, भाराच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. म्हणजे धुऱ्यावर २० टक्के भार वाढला तर रस्त्याची झीज दुपटीवर जाते. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मर्यादा आधीच वाढवून दिली आहे. चार टायरच्या एकेरी धुऱ्याला १०.२ ऐवजी ११.५ टन आणि मागच्या जोडधुऱ्याला १९ ऐवजी २१ टन भार आता चालतो. त्यानंतरही वर सहा टन चढवायचे असतील तर पासिंगचा आकडा आरसीवर लिहिण्याला अर्थ उरत नाही.

परवाना परत मिळाल्यावर मी पुन्हा गाडीवर गेलो, आणि थोड्याच काळात पुन्हा तशीच भरणी समोर आली. या वेळी यार्डातून बाहेर पडताच जवळच्या खासगी काट्यावर मी स्वतःच्या पैशाने वजन केले. पावतीवर गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि ३३ टनांच्या वरचा आकडा छापून आला. गाडी परत यार्डात आणून लावली, पावतीचा फोटो मॅनेजरना पाठवला आणि सोबत लिहिले: "गाडी पासिंगपेक्षा जास्त भरली आहे. जादा माल उतरवून द्यावा. मी गाडी घेऊन जायला तयार आहे आणि यार्डातच थांबलो आहे." पुढे वकिलांनी सांगितले की प्रकरणाचा मोठा भाग या तीन ओळींवर उभा राहिला, कारण त्यांतून मी काम नाकारले नाही, फक्त बेकायदेशीर वजन नाकारले, हे दिसत होते. जो चालक चिडून चावी टाकून घरी निघून जातो त्याच्यावर "स्वतःहून काम सोडले" असा शेरा मारणे मालकाला फार सोपे जाते. मला उत्तर फोनवर आले. शेठ म्हणाले, "चावी मॅनेजरकडे दे आणि उद्यापासून येऊ नकोस." त्या महिन्याचा पगारही दिला गेला नाही. तेव्हाच्या वेतन प्रदान अधिनियमानुसार कामावरून काढलेल्या माणसाचा हिशेब दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत चुकता करायचा असे.

चालकांच्या एका नोंदणीकृत संघटनेचे पदाधिकारी माझ्या ओळखीचे होते. त्यांनी पहिल्या भेटीतच सांगितले की येथे दोन वेगळे तंटे आहेत आणि ते दोन वेगळ्या दारांतून न्यावे लागतील. पगारातील कपात आणि थकलेला पगार यांचा दावा वेतन प्रदान अधिनियम, १९३६ च्या कलम १५ खाली वेतन प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे पगाराचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, करायचा. कामावरून काढल्याचा तंटा औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २अ खाली समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, न्यायचा. वकिलासाठी त्यांनी मला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमात मोफत वकील मिळण्यास पात्र असलेल्यांत औद्योगिक कामगाराचाही समावेश आहे, आणि मला खरोखरच फी न देता चांगल्या वकील मॅडम मिळाल्या.

पहिले पाऊल मागणीपत्राचे होते. कापलेली रक्कम, थकलेला पगार आणि पुन्हा कामावर घेण्याची मागणी असे पत्र आम्ही पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पाठवले. ते "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आले. मॅडमनी तो लिफाफा न उघडता तसाच ठेवायला सांगितले, कारण बंद लिफाफ्यावरील टपालखात्याचा शेरा हा पत्र पोहोचवण्याचा प्रयत्न झाल्याचा पुरावा असतो. त्यानंतर दोन्ही अर्ज दाखल झाले.

समेटाच्या कामात सुरुवातीच्या तारखा वाया गेल्या. कंपनीकडून कोणी आले नाही, आले तेव्हा अधिकारपत्र आणले नाही. अशा वेळी चालक कंटाळतो, कारण प्रत्येक तारखेला त्याची मजुरी बुडते. येथे एक तरतूद माहीत असणे उपयोगाचे ठरले: समेटाच्या अर्जाला ४५ दिवस उलटले की सरकार तंटा न्यायालयाकडे पाठवेल याची वाट न पाहता कामगार थेट कामगार न्यायालयात जाऊ शकतो. तसा अर्ज तयार असल्याचे आम्ही अधिकाऱ्यांसमोर सांगितले आणि पुढच्या तारखेला शेठ स्वतः आले.

वेतन प्राधिकाऱ्यासमोर कंपनीने तीन मुद्दे मांडले. पहिला, मी नोकर नसून खेपेवर काम करणारा ठेकेदार आहे. याला उत्तर म्हणून आम्ही बँकेच्या खातेउताऱ्यातील दरमहा जमा होणारी ठरावीक रक्कम, माझे नाव असलेल्या डिझेलच्या पावत्या, खर्चीच्या, म्हणजे वाटखर्चाच्या, चिठ्ठ्या आणि निलंबनाच्या काळातील यार्डातील हजेरीचे फोटो दिले. गाडीच बंद असताना ठेकेदाराला कोणी महिन्याचा पगार देईल काय, हा मॅडमचा प्रश्न समोरच्यांना अडचणीचा गेला. त्या वेळी या कायद्याला मासिक २४,००० रुपये वेतनाची मर्यादा होती आणि माझे वेतन तिच्या आत होते.

दुसरा मुद्दा दंडाचा होता. चलान माझ्या नावावर असल्यामुळे रक्कम माझी, असे त्यांचे म्हणणे. वेतन प्रदान अधिनियमाच्या कलम ७ मध्ये कोणत्या कारणांसाठी पगार कापता येतो याची बंदिस्त यादी होती, आणि मालकाने भरलेल्या वाहतूक दंडाची वसुली त्या यादीत नव्हती. शिस्तभंगाचा दंड म्हटला तर कलम ८ नुसार तो त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नव्हता, हप्त्याने वसूल करता येत नव्हता, आणि त्याआधी कामगाराला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागत होती. १८,००० रुपयांचे तीन टक्के म्हणजे ५४० रुपये. माझे ४,००० कापले जात होते. नुकसानीची वसुली म्हटली तर कलम १० खाली ते नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळेच झालेले असावे लागे. इथे मोटार वाहन अधिनियमाचे कलम ११३ कामी आले. त्याच्या पोटकलम ४ नुसार चालक हा गाडीचा मालक नसेल तर जादा वजनाचा गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते. १२० पोत्यांची हाताने लिहिलेली चिठ्ठी त्या गृहीतकाला बळकटी देणारी ठरली. ती मी जपून ठेवली होती, कारण परवान्याच्या खुलाशाला फक्त झेरॉक्स जोडली होती आणि मूळ कागद माझ्याकडेच होता.

तिसरा मुद्दा "उचल" या नोंदीचा. रक्कम दिल्याची सही असलेली एकही पावती कंपनी दाखवू शकली नाही, आणि हिशेबवहीच्या माझ्याकडील फोटोत त्याच पानावर चलानाची तारीख समासात लिहिलेली होती. प्राधिकारी साहेबांनी वही मागितली. ती आणायला वेळ मागून घेतला गेला, आणि पुढेही वही आली नाही.

आदेश माझ्या बाजूने झाला. कापलेले एकूण २०,००० रुपये, थकलेला एका महिन्याचा पगार, आणि कपातीच्या रकमेइतकीच भरपाई, असे देण्याचा हुकूम झाला. कायद्याने कपातीच्या दहापट भरपाईपर्यंत अधिकार आहे, त्या मानाने ही भरपाई थोडी आहे असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. मालकाला अपिलाचा हक्क होता; परंतु आदेशातील रक्कम आधी जमा केल्याशिवाय त्याचे अपील दाखल होत नव्हते, आणि अपील झाले नाही.

कामावरून काढल्याचा तंटा तडजोडीने मिटला. एका वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कामावरून कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन, अशी औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम २५फ ची अट होती, आणि कंपनीने त्यातले काहीच पाळले नव्हते. मला कामावर परत जाण्याचा आग्रह धरता आला असता. त्याच यार्डात, त्याच भरणीसमोर पुन्हा उभे राहायचे नसल्यामुळे मी नोटिशीचा पगार आणि नुकसानभरपाई स्वीकारली. तडजोडीच्या मसुद्यात कंपनीने एक ओळ घातली होती की कामगाराची कोणतीही अन्य मागणी शिल्लक नाही. तेव्हा वेतनाच्या दाव्याचा आदेश यायचा होता, आणि त्या ओळीवर सही केली असती तर तो दावाच निकालात निघाला असता. मॅडमनी ती ओळ काढून "वेतन प्राधिकाऱ्याकडील दावा वगळून" असे शब्द घालून घेतले आणि मगच सह्या झाल्या. तडजोडीचा कागद मराठीत मागावा, घरी नेऊन वाचावा आणि सही करण्याआधी प्रत्येक ओळीचा अर्थ विचारून घ्यावा, हे मी भेटेल त्या चालकाला सांगतो.

ज्या कायद्यांखाली माझे प्रकरण चालले ते २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितांमध्ये सामावले गेले आहेत, त्यामुळे आज अर्ज करणाऱ्याने कलमांचे जुने आकडे लिहू नयेत. वेतन संहितेत दावा करण्याची मुदत, पूर्वी १२ महिने होती ती, तीन वर्षे झाली आहे, आणि एका महिन्यातील एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये, असे बंधन आहे. अनेक कामगारांना मिळून एकच अर्ज करण्याची सोयही तिच्यात आहे. त्याच यार्डातील माझ्या जुन्या सोबत्यांपैकी दोघांचे पगार जादा वजनाच्या दंडापोटी कापले गेले आहेत. त्यांनी काट्याच्या पावत्या आणि खातेउतारे गोळा केले असून त्यांचा एकत्रित अर्ज सध्या तयार होत आहे. माझा आदेश त्या अर्जासोबत जोडण्यासाठी मी त्यांच्याकडे दिला आहे.